दसऱ्याची तारीख

अल बर्शा, दुबई
शुक्रवार, २ सप्टेंबर २०१६

प्रिय ॲडेलिन,

तुझा मेसेज परवा आला आणि मी त्याला नुसता अंगठा पाठवून मोकळी झाले. तुला नवल वाटलं असेल. एरवी तुझ्या एका ओळीला माझ्या दहा ओळी असतात आणि त्यातल्या निम्म्या न मागितलेल्या सल्ल्याच्या. त्या मेसेजचं खरं उत्तर या पत्राच्या शेवटी आहे, पण तू आधी शेवट वाचू नकोस, सरळ वाचत ये. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला मध्येच अडवून जाऊ दे गं म्हणशील आणि मी लगेच थांबेन, माझा स्वभाव मला माहीत आहे. व्हॉट्सॲपवर लिहावं तर त्या निळ्या टिकांकडे बघत बसेन. म्हणून आज सुट्टीच्या सकाळी, हेमचंद्र आणि वेदांग गणपतीची खरेदी करायला बर दुबईला गेलेत तेवढ्यात, कागद पुढे ओढलाय. कुरिअरवाला म्हणतो चार दिवसांत वसईला पोचेल, इन्शाल्ला. म्हणजे मी सहा धरलेत.

आमचं बरं चाललंय. वेदांग बारावीला आहे, माझ्यापेक्षा हातभर उंच झालाय आणि मराठीत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देतो. मोदक किती खाणार विचारलं तर 'डिपेंड्स' म्हणतो. हेमचंद्राचं ऑफिस अजून सिलिकॉन ओएसिसलाच आहे, रोज जाताना रस्त्याला शिव्या आणि येताना मला. मी त्याच शोरूममध्ये, त्याच वॉरंटीच्या टेबलाशी. लोक नव्याकोऱ्या गाड्या घेतात, त्यात काहीतरी मोडतं, आणि ते फुकट दुरुस्त करून द्यायचं की नाही हे मी कागद बघून ठरवते. माझ्यावर चिडलेल्या माणसांचा एक छोटा गाव वसवता येईल.

गेल्या शनिवारी काही कामानं डिस्कव्हरी गार्डन्सला गेले होते. आपली बिल्डिंग तशीच आहे. खालच्या पार्किंगमधली तुझ्या लेस्टरची जागासुद्धा तशीच, खांबाशेजारची. तिथे आता कुणाची तरी पांढरी व्हॅन असते. मी उगाच दोन मिनिटं उभी राहिले, तर वॉचमननं येऊन विचारलं, मॅडम, किसका घर चाहिये. मी तशीच परत आले.

तुला आठवतं ना ती गाडी आपल्या आयुष्यात कशी आली ते? लेस्टरला ती कुणी दाखवली, तर मी. २००८चा रमजान होता. लेस्टर तेव्हा जमिनीवर नुसत्या खुणा केलेल्या बिल्डिंगमधले फ्लॅट विकत होता आणि एकेक फ्लॅट कागदावरच तीनदा हातबदल होत होता. मी एक दिवस ऑफिसातून आले ती थेट तुझ्या स्वयंपाकघरात. तू तुमच्याकडचे ते पिठाचे गोल फुगे तळत होतीस. मी सांगितलं की कंपनीनं एक स्पोर्ट्स कार काढलीय, सगळ्या आखाती देशांना मिळून चाळीसच गाड्या, दुबईच्या वाट्याच्या सगळ्या संपल्या, वेटिंग लिस्टसुद्धा बंद झाली, पण मस्कतच्या डीलरकडे एक शिल्लक आहे कारण तिथला एक शेख मागे हटला. लेस्टर हातातला फुगा तसाच धरून ऐकत होता. ज्या माणसानं बापाचा केळीचा टेम्पो धुण्यात बालपण घालवलं त्याला पिवळी स्पोर्ट्स कार म्हणजे काय वाटत असेल, हे मला तेव्हा कळलं. मी किंमत सव्वाचार लाख दिरहॅम म्हणाले, तर हेमचंद्रानं सवयीनं तेराने गुणून पंचावन्न लाख असं मोठ्यानं सांगितलं, आणि तू गॅस बारीक केलास.

तू एकटीच विरोधात होतीस. आणि तू नेमका तोच प्रश्न विचारलास जो विचारायला हवा होता. बॉर्डरपलीकडून घेतलेली गाडी, उद्या काही झालं तर इथला डीलर हात लावेल का? मी तुला समजावलं की वॉरंटी सगळ्या आखातात चालते, फक्त या मोजक्या गाड्यांना ती एकच वर्षाची आहे. तरी तुझा चेहरा सैल होईना. तेव्हा मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "अगं, मी बसलेय ना तिथे." तुला आठवत असेल की नाही, माहीत नाही. मला आठवतं, तुझ्या ओढणीला पिठाचा हात लागलेला होता तेसुद्धा.

ईदच्या सुट्टीला जोडून आपण चौघं मस्कतला गेलो, मुलांना तुझ्या बहिणीकडे सोडून. हत्ताच्या बॉर्डरवर दोन तास ऊन खात शिक्क्यांसाठी उभे राहिलो तेव्हा तू म्हणालीस, आपण गाडी आणायला चाललोय की नवरी बघायला. मस्कतच्या शोरूममध्ये गाडी नव्हतीच, ती जहाजावर होती. भिंतीवरचा फोटो बघून लेस्टरनं सही केली. तिथला सेल्समन जहूर, रत्नागिरीकडचा, आठवतोय? आपलं मराठी ऐकून इतका खूश झाला की दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन त्यानं आपल्याला घरचं सांदण खायला घातलं. तू आणि लेस्टर बँकेच्या कागदांवर सह्या करत होतात आणि मी जहूरपाशी वॉरंटीचं बुकलेट बघत होते. गाडी आठवड्याभरात बंदराला लागेल असं तो म्हणाला. पाच दिवसांनी दसरा होता. मी त्याला म्हटलं, डिलिव्हरीची तारीख दसऱ्याची टाक. तो कोकणातला, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं हसत हसत ९ ऑक्टोबर लिहिली, शिक्का मारला, कॉम्प्युटरलाही चढवली. मी परत येताना गाडीत तुम्हाला सांगितलं आणि लेस्टरनं मला हात जोडले की, बाई, तुझ्या पंचांगात मला पण घेतलंस.

हे तुला माहीत आहे. पुढचं अर्धंच माहीत आहे.

गाडी आठवड्याभरात आली नाही. जहाज आधी कुठल्याशा बंदरात अडकलं, मग कंपनीनंच माल थांबवला, कारण तोवर जगभर कोसळायला सुरुवात झाली होती. नोव्हेंबरात लेस्टरच्या साइट्सवरच्या क्रेन थांबल्या. डिसेंबरात तुम्ही नाताळाला नवे कपडे घेतले नाहीत. जानेवारीच्या मध्यावर जहूरचा मला ऑफिसात फोन आला. "ताई, गाडी आज लागली. बुकलेटवर अजून दसराच आहे. नवं बुकलेट करून आजची तारीख टाकू का?" पाच मिनिटांचं काम होतं. ॲडेलिन, वॉरंटी कुठल्या तारखेपासून मोजतात हे साऱ्या दुबईत माझ्याइतकं कुणाला माहीत असेल? तो माझा धंदाच आहे. आणि मी त्याला म्हणाले, राहू दे, दसऱ्याचा मुहूर्त मोडायचा नाही.

का म्हणाले, तर त्याच आठवड्यात लेस्टरच्या कंपनीनं साठ जणांना घरी पाठवलं होतं आणि त्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मला मनापासून वाटलं, दसऱ्याचं काहीतरी आड आलं. आता ही तारीख काढून पौषातली कुठलीतरी घालायची आणि उद्या त्याचं नाव यादीत आलं तर? सव्वातीन महिने वाया जाताहेत हे मी हिशोबात धरलं होतं. म्हटलं, नवी गाडी, वर्षात काय मोडणार. तुम्हाला दोघांना विचारलं नाही. माझ्या डोक्यात आलंच नाही की विचारायचं असतं.

लेस्टर एकटा जाऊन गाडी घेऊन आला तो दिवस तुला आठवून हसू येतं का गं अजून? मी पार्किंगमध्ये ताट घेऊन उभी, वॉचमन नारळ फोडू देईना, शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खांबावर आपटला. तू फादरनी दिलेल्या बाटलीतलं पाणी बॉनेटवर शिंपडत होतीस. लेस्टरनं चार लिंबांवरून चाकं नेली आणि सोफिया मागे उभी राहून 'डॅडी, वन मोर टाइम' म्हणत होती. दोन्हीकडचे देव कामाला लावून आपण वर जाऊन चहा प्यायलो. मी त्या दिवशी फार खुशीत होते, हे कबूल करते.

मग ते वर्ष. मार्चमध्ये हेमचंद्राची नोकरी गेली. मी इंजिनिअर म्हणून नवऱ्याला आणि मुलाला माझ्या व्हिसावर घेता आलं, नाहीतर तेव्हाच परतलो असतो. घरातला एकमेव पगार माझा, घर माझ्या पगारावर, वेदांगची शाळा माझ्या पगारावर. लेस्टरचा पगार अर्धा झाला पण नोकरी टिकली. गाडी तो फक्त शुक्रवारी सकाळी काढायचा, हत्तापर्यंत जाऊन यायचा, आल्यावर स्वतः धुवायचा. विकायला मन होत नव्हतं आणि विकत घ्यायला कुणी येत नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी दुबई सरकारच्या त्या मोठ्या कंपनीनं कर्जाचे हप्ते थांबवल्याची बातमी आली आणि पुढच्याच आठवड्यात लेस्टरच्या कंपनीनं दार बंद केलं. महिन्या-दोन महिन्यांत देश सोडायचा. बँकेचं मिटवल्याशिवाय विमानात बसता येणार नाही. मिटवायचं तर एक गाडी होती आणि दुसरी भुईगावची वाडी, लेस्टरच्या वडिलांच्या, बाप्टिस्टबाबांच्या हातची, विहिरीसकट. गाडी गेली तर वाडी राहणार होती. आपण सगळे तेवढ्याच एका गोष्टीवर टेकून बसलो होतो.

आणि देवदयेनं गिऱ्हाईक मिळालं. अल ऐनचे ते म्हातारे गृहस्थ, खजुराची बाग असलेले. चाळीसातली एक गाडी त्यांना मुलासाठी हवी होती, किंमतही चांगली देत होते. त्यांना दाखवायला म्हणून लेस्टर निघाला तो दहा डिसेंबर. अर्ध्या रस्त्यात तिसरा गिअर पडेना, मग कुठलाच पडेना. गाडी टोइंगवर आमच्या वर्कशॉपला आली. गिअरबॉक्स आतून फुटला होता, कारखान्याचाच दोष, मी स्वतः बघितला. जेमतेम दहा हजार किलोमीटर चाललेली गाडी. ते म्हातारे भले माणूस, म्हणाले, कंपनीच्या कागदासकट दुरुस्त करून आणा, एकतीस तारखेपर्यंत थांबतो, त्यानंतर मला दुसरी बघावी लागेल. लेस्टर माझ्या टेबलासमोर बसून म्हणाला, चला, वॉरंटी आहे म्हणून वाचलो.

मी क्लेम भरला आणि कॉम्प्युटरनं एका ओळीत परत पाठवला. वॉरंटी ८ ऑक्टोबर २००९ला संपली. खरी तारीख बुकलेटवर असती तर अजून महिनाभर शिल्लक होती.

पुढे काय काय झालं ते मी तुम्हाला रोज सांगत होते. आमचा मॅनेजर म्हणाला, गाडी आपण विकलेली नाही, मस्कतला विचारा. मस्कतचे म्हणाले, गाडी तुमच्या हद्दीत आहे, तुम्ही बघा. मी कंपनीच्या जेबेल अलीच्या ऑफिसात तीन वेळा गेले. तिथल्या माणसानं शेवटी कळवळून सांगितलं की एक रस्ता आहे. मस्कतच्या डीलरनं सहीशिक्क्याचं पत्र द्यावं की गाडी खरी कधी दिली, चुकीची तारीख का पडली आणि ती कुणाच्या सांगण्यावरून टाकली. मग आम्ही विचार करू. इथपर्यंत तुम्हाला खरं सांगितलं होतं. त्यानंतर मी तुम्हाला सांगितलं की मस्कतवाले पत्र द्यायला तयार नाहीत.

ते खोटं होतं. पत्र आलं होतं.

मी जहूरला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, लिहितो. मी त्याला विनवलं की माझं नाव घालू नकोस, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून एवढंच लिही. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक माझ्याशी त्याबद्दल बोललंच नव्हतं. उद्या त्यांनी लेस्टरभाईंना विचारलं तर? मग खोटी तारीख मीच टाकली असं होतं, आणि मी खलास. मलाही तीन मुलं आहेत. आहे ते खरं लिहितो, तुम्हाला पाहिजे तर द्या." त्याचं काय चुकलं? त्यानं स्वतःच्या मॅनेजरपुढे उभं राहून सही आणली. बावीस तारखेला मस्कतहून स्पेअर पार्ट्सची व्हॅन आली, तिच्यात माझ्या नावाचं पाकीट होतं. इंग्रजीत साडेसात ओळी. त्यात माझं नाव आणि हुद्दा, आणि माझ्याच विनंतीवरून तारीख टाकली आणि माझ्याच सांगण्यावरून ती बदलली नाही असं स्पष्ट लिहिलेलं. आमच्याकडे वॉरंटीच्या तारखेत हात घालणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. त्या उन्हाळ्यात त्याहून बारीक कारणांवरून दोघांना पाठवलं होतं, त्यातल्या एकीला डेस्क आवरायला मीच मदत केली होती.

मी पाकीट पर्समध्ये घालून घरी आणलं. हेमचंद्राला दाखवलं. तो खूप वेळ वाचत होता, साडेसात ओळी. मग म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. त्या वाक्याचा मला अजून राग येतो. तो काहीही म्हणाला असता तरी चाललं असतं. दे म्हणाला असता तर मी दिलं असतं आणि नको म्हणाला असता तर त्याच्यावर ढकललं असतं. त्याच्याकडेही दुसरं काय होतं, नऊ महिने घरी बसलेला माणूस, मला नोकरी घालव कसं सांगणार आणि ठेव कसं सांगणार? तो वेदांगला घेऊन खाली बागेत गेला. मी खुर्चीवर चढून कपाटावरचा गणपतीच्या सामानाचा डबा काढला, तो मी सोडून कुणी उघडत नाही, आणि पाकीट मोदकाच्या साच्याखाली ठेवलं. म्हटलं, एक दिवस विचार करू. नंतर आणखी एक. रोज सकाळी ऑफिसला जाताना वाटायचं, आज देते. लिफ्टमध्ये तू भेटायचीस, विचारायचीस काही कळलं का, आणि मी मान हलवायची.

चोवीस तारखेला तुम्ही चर्चला नाताळच्या मिस्साला निघायच्या आधी मी डबाभर करंज्या घेऊन वर आले. मला ते त्याच संध्याकाळी सांगायचं होतं. तुझं घर अर्धं खोक्यांत भरलेलं होतं आणि सोफिया गोठ्याच्या देखाव्यातली मेंढरं परत परत हलवत होती. लेस्टर उठून माझ्यापाशी आला, दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "साधना, तू माझ्यासाठी जे केलंस ते सख्ख्या बहिणीनं केलं नसतं." त्यानंतर मला कसं सांगता आलं असतं? सांगता आलं असतं, माहीत आहे मला. मी करंज्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि घरी आले.

एकतीस तारीख गेली. गाडी शारजाच्या एका पार्ट्सवाल्यानं उचलली, तशीच मोडकी. भुईगावची वाडी बिल्डरला गेली आणि फेब्रुवारीत तुम्ही विमानात बसलात. एअरपोर्टवर तू रडलीस, मी रडले, लोकांना वाटलं मैत्रिणी मैत्रिणींसाठी रडताहेत. जूनमध्ये हेमचंद्राला सिलिकॉन ओएसिसची नोकरी लागली. सहाच महिने. ती बातमी मी तुला सगळ्यात आधी कळवली आणि तू आनंदानं किंचाळलीस, लेस्टरला हाक मारून सांगितलंस. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं, ॲडेलिन. कंपनीनं विचार करू एवढंच म्हटलं होतं, देऊ असं नाही. पत्र दिलं असतं तरी नकार आला असता कदाचित. दिवसही कमी होते, गिअरबॉक्स बाहेरून यायचा होता. कदाचित वाडी गेलीच असती आणि वर आम्हीही रस्त्यावर आलो असतो. हे सगळं खरं असेल. पण तीन वर्षांपूर्वी जहूर ट्रेनिंगला दुबईत आला होता, ऑफिसात भेटला. त्यानं विचारलं, ताई, त्या पत्राचं काय झालं? मी म्हटलं, उपयोग झाला नाही. तो म्हणाला, मला पण एक वॉर्निंग लेटर मिळालं तेवढंच, मॅनेजर नंतर विसरून गेला. मग मुलांचे फोटो दाखवत बसला. मला त्या फोटोंतलं एकही मूल आठवत नाही.

बाप्टिस्टबाबा गेले तेव्हा तू लिहिलं होतंस की शेवटच्या वर्षात ते सवयीनं रोज सकाळी वाडीकडे चालत जायचे आणि बिल्डरच्या पत्र्याबाहेर उभे राहून परत यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, पंप बंद केला का बघायला आलो. तू सहज लिहिलं होतंस, तुला मला दुखवायचं नव्हतं, तुला काही माहीतच नव्हतं. लेस्टर आता शाळेची व्हॅन चालवतो आणि मुलांना गाणी शिकवतो हेही तू हसत हसतच कळवतेस. दर नाताळाला तुझं कार्ड येतं, त्यात सगळ्यांच्या सह्या असतात, लेस्टरची सगळ्यात मोठी. आणि दर वर्षी गणपतीचा डबा काढला की साच्याखाली ते पाकीट असतं. फाडायची हिंमत झाली नाही, पाठवायचीही झाली नाही. परवा तुझा मेसेज आला तेव्हा मी डबाच खाली काढत होते.

आता त्या मेसेजबद्दल. तू लिहिलंस की सोफियाला इथे अल बर्शाच्याच हॉटेलात नोकरी लागलीय, पंधरा तारखेला गुरुवारी ती पोचतेय, खोली मिळेपर्यंत माझ्याकडे राहील, आणि लेस्टर एकटीला पाठवायला तयार नव्हता, पण तू त्याला म्हणालीस, साधना बसलीय ना तिथे. ॲडेलिन, माझंच वाक्य तू त्याला सांगितलंस. तिची खोली मी तयार केलीय, वेदांगनं त्याचं टेबल हलवून दिलंय, नवी चादर आणलीय. पण तुझी मुलगी कुणाच्या घरात बॅग ठेवणार आहे हे तिनं ती ठेवायच्या आधी तुला माहीत असायला हवं. जहूरचं पत्र सोबत ठेवलंय, मूळचं, माझ्याकडे कॉपी नाही. लेस्टरला दाखवायचं की नाही आणि सोफियाला सांगायचं की नाही, ते तू ठरव. चौदा तारखेच्या बुधवारपर्यंत मला फक्त हो किंवा नाही कळव, कारण विचारू नकोस आणि देऊ नकोस. नाही म्हणालीस तर करामामध्ये मुलींचं एक चांगलं हॉस्टेल मी बघून ठेवलंय, बिशपांच्या ओळखीतल्या नन्स चालवतात, खोली तिच्या नावानं धरलीय. एअरपोर्टवर हेमचंद्र उभा राहील, मी येणार नाही. आणि हो म्हणालीस तर मी येईन, पण त्या पोरीनं धावत येऊन मावशी म्हणून मिठी मारली तर मी काय करू, एवढं मला सांग.

तुझीच म्हणावं की नाही, हे आता तुझ्यावर,
साधना